माझं वाक्य, तुमच्या नावाखाली

मादाम,

आमच्या गावात चर्चच्या मागे जी छोटी बाग आहे, तिला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे. मे महिन्यात तुमच्या गावाहून बस येईल तेव्हा तिथे एक दगड बसवतील. त्यावर तुमचं नाव, आणि नावाखाली तुमचं एक वाक्य. तीन आठवड्यांपूर्वी गावच्या कचेरीतून मला पत्र आलं. तुमच्या त्या भाषणाची दुभाषी मी होते, तेव्हा वाक्य नीट उतरलं आहे ना एवढं पाहावं आणि सही करून पत्र परत पाठवावं, अशी विनंती होती. वाक्य होतं, ‘जे झालं ते आम्ही माफ केलं आहे.’ मादाम, हे वाक्य तुम्ही कधी बोललाच नाहीत. ते माझं होतं. हे आपल्या दोघींनाच माहीत होतं, आणि त्यांतली एक वीस वर्षांपूर्वी गेली.

हे मी मराठीत लिहिते आहे. फ्रेंचमध्ये लिहायला बसले की तुम्ही शेजारी उभ्या आहात आणि पहिल्याच ओळीत चूक काढणार आहात असं वाटून हात अडतो. तुम्ही मला पहिल्या दिवशीच म्हणाला होतात, “तुझं फ्रेंच मठातलं आहे, पोरी. प्रत्येक वाक्यात गुडघे टेकतेस.” खरंच होतं ते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला विनंती कशी करावी, आभार कसे मानावेत, दिलगिरी कशी व्यक्त करावी हे सगळं सुंदर शिकवलं. नकार कसा द्यावा हा धडा पुस्तकात नव्हता.

ते फ्रेंच इथे, जर्मनीत, कायझर्सलाउटर्नपासून बसने अर्ध्या तासावरच्या या गावात कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. नवरा शहरातल्या संशोधन संस्थेत, मुलगी तीन वर्षांची, माझं जर्मन चार वर्षांत बरं झालेलं. आमच्या गावाने फ्रान्समधल्या तुमच्या गावाशी मैत्री जोडली होती. मे महिन्यात तुमची बस यायची, सप्टेंबरात आमची जायची. त्या वर्षी दुभाष्याचं काम करणारे शाळेतले मास्तर आजारी पडले आणि कोणीतरी म्हणालं, त्या भारतीय बाईंना येतं वाटतं फ्रेंच. मी साडी नेसून चौकात जाऊन उभी राहिले. बसमधून पाहुणे उतरले, तशी आमच्या मैत्री मंडळाचे चिटणीस हातात यादी घेऊन त्यांना मोठ्याने मोजायला लागले, आइन्स, त्स्वाय, द्राय. आणि पांढऱ्या केसांची, ठेंगणी, करड्या कोटातली एक बाई रांगेतून निघून सरळ कारंज्याकडे चालू लागली. पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मोजणी एकाने कमी भरली, पुन्हा मोजलं, पुन्हा कमी. मी तुम्हाला बोलवायला आले तेव्हा तुम्ही मागे न पाहता विचारलंत, “त्यांचं मोजून झालं का?” मी म्हटलं, “नाही अजून.” “मग झाल्यावर येते.” मला तेव्हा वाटलं, काय हट्टी म्हातारी आहे.

पाहुण्यांना गावातल्या घरांत वाटून दिलेलं असायचं. तुमची सोय बेकरीवाल्या आजोबांकडे होती, गावातलं सगळ्यात मोठं घर, गरम पाव नाश्त्याला. तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, “तुझ्याकडे एखादा पलंग आहे का?” मी म्हटलं, सोफा आहे, तोही थोडा कुरकुरतो. “चालेल.” चिटणीसांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवलंत: बाईंना भारतीय जेवणाची फार आवड आहे. तुम्ही त्याआधी भारतीय जेवण पाहिलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात काट्याने पोहे खाताना तुम्ही खरं कारण सांगितलंत. या गावाशी मैत्री करायचा ठराव तुमच्याच नगरसभेत तुम्हीच मांडला होता, दहा वर्षं तुम्ही इथे येत होतात, इथल्या लोकांशी हात मिळवत होतात, आणि प्रत्येक वेळी रात्री काही ना काही निमित्त काढून हॉटेलात जात होतात. “हात मिळवणं माझ्या हातात आहे,” तुम्ही म्हणालात. “झोप नाही. जर्मन छपराखाली ती येत नाही.” आमचं छप्परही जर्मनच होतं, भाड्याचं. पण खाली आम्ही होतो, आणि फोडणीचा वास होता, तेवढं तुम्हाला पुरलं.

पुढचे आठ मे महिने तुम्ही त्या कुरकुरत्या सोफ्यावर झोपलात, आणि तुमचं आयुष्य मला फरसबीच्या शेंगा मोडता मोडता कळत गेलं. ती पद्धत तुमचीच. नगरसभेवर असताना बाजाराच्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघराचं दार सकाळभर उघडं असायचं, कोणीही तक्रार घेऊन यावं. आलेल्या माणसासमोर तुम्ही आधी शेंगांची पाटी ठेवायचात. मोठा वकील असो की दूधवाला, शेंगा मोडल्याशिवाय बोलायचं नाही. “हात कामात असले की माणूस आरडाओरडा कमी करतो,” तुम्ही म्हणायचात, “आणि दुपारची माझी भाजीही निवडून होते.” माझ्याकडेही तसंच. मी काही विचारलं की तुम्ही पाटी माझ्याकडे सरकवायचात.

विसाव्या वर्षी तुम्ही तुमच्या गावच्या नगर कचेरीत कारकून होतात, रेशनकार्डांच्या टेबलावर. गावात जर्मन फौज. दिवसा तुम्ही त्यांच्या हुकमाप्रमाणे कार्डं लिहायचात आणि त्याच दौतीतल्या शाईने, त्याच शिक्क्याने लपलेल्या माणसांसाठी दुसरी कार्डं करायचात. तुमच्याबरोबर दोघं होती. एक शाळामास्तर आणि एक तुमच्याच वयाची टेलिफोन ऑपरेटर. तिघांना एकमेकांची खरी नावं माहीत नव्हती. टेलिफोनवाल्या मुलीला तुम्ही रोज कचेरीच्या जिन्यात भेटायचात, तिचा आवाज ओळखायचात, तिच्या बुटाचा तुटलेला बंद पाहायचात, पण नाव माहीत नव्हतं. ते तुम्हाला कळलं लढाईनंतर, एका यादीत, जिथे त्या नावापुढे फुली होती. मी फरसबीची शेंग हातात धरून तशीच बसले. तुम्ही म्हणालात, “मोड, पोरी. थांबू नकोस.”

तुम्हाला पकडलं, महिनाभर कोंडलं आणि मग रेल्वेने या देशात आणलं, बायकांच्या छावणीत. त्याबद्दल तुम्ही फार कमी बोलायचात. रोज पहाटे मोजणी व्हायची, तासन् तास, एवढं एकदा सांगितलंत, आणि मला चौकातलं कारंजं आठवून लाजेने कानकोंडं झालं. तुमच्या देशातल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं त्या रविवारी तुम्ही अजून तारेच्या कुंपणाच्या आत होतात. “माझं पहिलं मत बुडालं,” तुम्ही म्हणालात, जणू एखादी बस चुकली. मग त्याची भरपाई म्हणून तुम्ही पुढच्या निवडणुकीला स्वतःच उभ्या राहिलात. पुरुषांनी तुम्हाला समितीत घेतलं आणि चौकातली फुलझाडं व शाळेतलं दूध एवढी दोन खाती दिली. तुम्ही गटारं मागितलीत. ते हसले. तुम्ही तीन वर्षं मागत राहिलात. “दूध गटाराच्या पाण्याने विसळलेल्या बाटलीतून जातं, महाशय,” असं तुम्ही सभेत म्हणालात, आणि गटारं तुम्हाला मिळाली. ज्या टेबलावर तुम्ही खोटे शिक्के मारले होते त्याच टेबलावर पुढे पंचवीस वर्षं खरे मारलेत. मी तुमच्याकडे पाहते आहे, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत तुमचे पाय जमिनीला धड टेकत नाहीत, आणि मला कळत नाही की एवढ्याशा बाईत एवढं सगळं मावलं कसं.

आता त्या भाषणाचं. तिसरं वर्ष. अग्निशमन दलाचा हॉल, लांब बाकं, बँडवाले, खिडकीत जिरेनियम. तुम्ही कधी भाषण करत नव्हतात, त्या दिवशी फार आग्रह झाला म्हणून उठलात. मी शेजारी. समोरच्या बाकावर बेकरीवाले आजोबा, हात गुडघ्यांवर. तरुणपणी ते सैनिक म्हणून तुमच्या देशात होते, पहाऱ्यावर होतो एवढंच सांगायचे. तुम्ही तीन वाक्यं बोललात. “मी माफ करायला आलेले नाही. माफ करणं ज्यांच्या हातात होतं, ते परत आले नाहीत. मी तुमच्याबरोबर काम करायला आले आहे.” आणि माझ्याकडे पाहिलंत.

मादाम, मला वाक्यं कळली नव्हती असं नाही. एकेक शब्द कळला होता. पण ती जर्मनमध्ये माझ्या तोंडून बाहेर पडेनात. रोज सकाळी शाळेत हात जोडून क्षमेची प्रार्थना म्हटलेली मी. आणि घरी आईने शिकवलेलं, दुसऱ्याच्या घरी जेवून त्याच्याच ओसरीवर कडू बोलायचं नाही. समोर दोनशे माणसं, टेबलावर त्यांनी घरून करून आणलेले केक. मी म्हणाले, “जे झालं ते आम्ही माफ केलं आहे. मी तुमच्याबरोबर काम करायला आले आहे.” हॉल उभा राहिला. बेकरीवाले आजोबा टेबलं सरकवत पुढे आले, तुमचा हात दोन्ही हातांत धरला, आणि लहान मुलासारखे रडले. तुम्ही त्यांच्याकडे पाहत होतात. मग एकदाच माझ्याकडे.

आपण घरी आलो. स्वयंपाकघरात कोट न काढता बसलात. “मी माफ केलं, असं तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “तुम्हाला कळलं?”

“जर्मन बोलता येत नाही असं मी म्हणते. समजत नाही असं कधी म्हटलं? मी कुठे शिकले ते तुला ठाऊक आहे.” मी रडायला लागले. त्याचा तुमच्यावर काही परिणाम झाला नाही. “माफीचे अर्ज तुझ्याकडे येतात का? त्या मुलीला विचारलंस? आमच्या मास्तरांना विचारलंस? मीसुद्धा विचारू शकत नाही. मग तू कोण?”

“मग तुम्ही तिथेच का नाही सांगितलंत?”

तेव्हा कुठे तुम्ही कोटाची बटणं काढायला लागलात. मग म्हणालात, “त्या म्हाताऱ्याने माझा हात धरला होता. मला तो सोडवून घेता आला नाही. माझ्या तोंडून नको ते वदवून घ्यायला त्या लोकांनी महिना घालवला आणि त्यांना जमलं नाही. तू पाच सेकंदांत करून घेतलंस.” असं म्हणून तुम्ही हसलात, थोडंसंच, आणि ते हसू मला रागापेक्षा जड गेलं. “मी दुरुस्त करणार नाही. माझ्या तोंडून ती दुरुस्ती आली तर त्या माणसाला शिक्षा होईल. चूक तुझी आहे. तू कर. आज नको, पण कर.”

पुढच्या मे महिन्यात बस आली तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही दुसरीकडे कुठेतरी उतराल. तुम्ही बॅग घेऊन माझ्याच दारात उभ्या होतात. “सोफा दुरुस्त केलास की अजून ओरडतो?” त्या वाक्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाहीत. मीही नाही. आधी म्हटलं, आजोबा आहेत तोवर नको. ते गेले. मग तुम्ही गेलात. मग म्हटलं, आता कोणाला आठवतंय. पण आठवत होतं. दर वर्षी मे महिन्यात कोणीतरी ते वाक्य म्हणायचं, शाळेतल्या मुलांनी ते फलकावर लिहिलं, आणि मी टाळ्या वाजवणाऱ्यांत असायचे.

पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते नवऱ्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “अगं, तीस वर्षं गप्प बसलीस, आता दगड घडवायच्या आधी तरी बोल. नंतर छिन्नी घेऊन जावं लागेल.”

“अहो, पण ती ब्युर्गरमाइस्टरिन कोण आहे माहीत आहे ना?” गावची ती सरपंच बेकरीवाल्या आजोबांची नात आहे.

“माहीत आहे. पाव तिथूनच आणतो मी. उद्यापासून शहरातून आणू.”

मुलगी गेर्लिंगेनला नोकरी करते. तिला फोन केला. मी मराठीत बोलत होते, ती नेहमीसारखी जर्मनमध्ये उत्तर देत होती. इथल्या मुलांसारखी ती मला मामा म्हणते. तिचं म्हणणं, मामा, वाक्य चांगलं आहे, लोकांना आवडतं, कोणाचं नुकसान होतंय? मी म्हटलं, ते त्यांचं नाही. ती म्हणाली, आल्झो, म्हणजे मग कोणाचं आहे? मी म्हटलं, माझं. मग तिने मराठीत, अडखळत विचारलं, “आई, तू भीत होतीस का?” ती मला आई म्हणाली याचंच मला इतकं नवल वाटलं की उत्तर द्यायचं राहून गेलं.

काल संध्याकाळी सात वाजता ग्रामसभेची बैठक होती. सुरुवातीला गावकऱ्यांना प्रश्न विचारायला वेळ देतात. सहसा त्यात कुत्र्यांची घाण आणि कचऱ्याचे डबे एवढंच असतं. माझी पाळी आली तेव्हा मी उठले. मी कागदावर लिहून नेलं होतं. वाचलं. तुमची तीन वाक्यं आधी फ्रेंचमध्ये, मग जर्मनमध्ये, जशीच्या तशी. आवाज इतका बारीक निघाला की मागून कोणी ओरडलं, “लाउटर, बिटे!” जरा मोठ्याने. म्हणून ते सगळं दुसऱ्यांदा वाचावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ते जास्त कठीण होतं, कारण आता सगळ्यांना पुढे काय येणार ते माहीत होतं.

नातीने पाण्याचा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला. “माझे आजोबा शेवटच्या आजारपणात नर्सना सांगायचे,” ती म्हणाली, “एका फ्रेंच बाईने मला माफ केलं आहे.”

“मला माहीत आहे.”

“आल्झो. म्हणजे ती माफी तुम्ही दिली होतीत.”

“मला तो अधिकार नव्हता.”

“नव्हता,” ती म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, पण मऊही नव्हता. “हात तरी त्या बाईंनी त्यांना खरंच धरू दिला होता का?”

“हो. शेवटपर्यंत सोडवला नाही. घरी येऊन मला म्हणाल्या, सोडवता आला नाही.”

तिने माझ्या हातातला कागद मागून घेतला आणि वाचला. एक सभासद म्हणाले, असं कोरलं तर फ्रान्सहून येणाऱ्या पाहुण्यांना काय वाटेल, मैत्रीच्या दगडावर माफी नाही म्हणायचं? शेजारचे शेतकरी काका, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, “त्यांना वाटेल, शेवटी कोणीतरी नीट ऐकलं.” मग हात वर करून मत घेतलं. तीन सोडून सगळे वर. नातीचा हात सर्वांत शेवटी वर गेला, पण गेला. तुमची तिन्ही वाक्यं कोरणार आहेत, मादाम. बाहेर पडताना तिने मला थांबवलं नाही, निरोपही दिला नाही. तिला वेळ लागेल. आज सकाळी आमचे हे पाव आणायला तिथेच गेले, मी नको म्हणत असताना, आणि तिच्या आईने मुकाट्याने पाव दिला. सभेत काय झालं हे आता गावभर झालं असणार.

मला हे पत्र इथेच थांबवता आलं असतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, शाबास, उशीर केलास. पण अजून एक गोष्ट आहे, आणि ती मी सभेतही सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. पत्र आलं तेव्हा मी तीन दिवस ते कपाटात ठेवलं होतं. सगळ्यांना वाटतं, भीतीने. भीती होतीच. पण पहिल्या दिवशी मी ते वाक्य पत्राबरोबर आलेल्या दगडाच्या आराखड्यावर छापलेलं पाहिलं, मोठ्या सरळ अक्षरांत, आणि मला आनंद झाला. ज्या गावात मला पस्तीस वर्षांनंतरही कोणी ना कोणी विचारतं की तू मूळची कुठली, तिथे माझं एक वाक्य दगडावर राहणार होतं. खाली नाव तुमचं असतं, तरी मला ठाऊक असतं. मी त्या तीन दिवसांत दोनदा कपाट उघडून ते वाचलं.